खाटेएवढी जागा

“आये, वारा पडलाय. पेटवू का आता?”

बाजीरावच्या हातात काडेपेटी होती. त्याची आई मुक्ताबाई डोक्यावर ओला पंचा टाकून बांधावर बसली होती, ती सकाळपासून जागची हलली नव्हती.

“थांब म्हन्ते न्हवं! ती परत आली बघ.”

चंडोलाची मादी चोचीत टोळ घेऊन आली, शेतात उतरली आणि दिसेनाशी झाली. वडिवळे गावात भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण-पाला पसरून वैशाखात भाजतात, त्याला राब म्हणायचं. गेल्या वर्षी मुक्ताबाईनं स्वतःच्या हातानं राब पेटवला आणि दुसऱ्या दिवशी राख सारताना हाताला चार काळी पिल्लं लागली. त्या दिवशी तिला घास गिळवला नाही. घरात कुणाला बोलली नाही, पण मनाशी पक्कं ठरवलं, पुन्हा हे पाप नको.

“उद्यापासनं कंपनीत माजी पाळी हाये. आज न्हाई भाजला तर कोन भाजनार? पाखरूच ते, घालील अंडी दुसरीकडं.”

“अंडी कुटली! टोळ काय अंड्यांला चारतीय व्हय?”

बाजीरावनं काडेपेटी खिशात टाकली.

पाखरू उतरलं तिथं मुक्ताबाई दोनदा गेली, दोनदा हात हलवत आली. मग तिच्या ध्यानात आलं, ही लबाड उतरते एकीकडं आणि ढेकळांआडून चालत जाते भलतीकडंच! आता तिनं फक्त पाखरू उठतं कुठून तेवढंच बघितलं. अगं बया! राबाच्या कडेलाच, गवताच्या झुबक्याखाली, दोन उघड्या चोची.

तिनं भोवतीचा पाला हातांनी ओढून खाटेएवढी जागा मोकळी केली. बाजीरावनं तोंड वाकडं केलं, पण पाण्याच्या घागरी त्यानंच आणल्या. उरलेला राब पेटला तेव्हा मायलेक ओली पोती घेऊन घरट्यापाशी उभे राहिले.

आग विझली, धूर निवळला. मादीचा पत्ता नव्हता. मुक्ताबाई पोतं हातात धरून तशीच उभी राहिली.

“बस की आता खाली, आये.”

“न्हाई. ती येऊंदे आदी.”

उन्हं कलल्यावर मादी आली. लांब उतरली, टोळ चोचीत धरून राखेतून तुरुतुरु चालत गवतात शिरली. तेव्हा कुठं मुक्ताबाई बसली.

ज्येष्ठात रोपं हिरवीगार वर आली, कडेची खाटेएवढी जागा तेवढी उघडी राहिली. शेजारचे हौशीराम बांधावरून हसले.

“वयनी, हितं पेरायचं राह्यलं की वो!”

“न्हाई, भावजी,” मुक्ताबाई खुरपं चालवत म्हणाली, “तितलं पीक आदीच उडून गेलं.”