पापडांच्या डब्यातला धूर

विठाने भरल्या साखरपुड्यात पैज लावली, तीही कुणाशी, तर सख्ख्या नणंदेशी. आता अशा बाईला काय म्हणावं?

झालं असं, की खरवई गावातली घराची जागा बिल्डरला दिली, तिथंच इमारत उभी राहिली आणि विठा, तिचा नवरा कोंडाजी आणि मुलगा विनीत असे तिघे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. फ्लॅट एकदम झकास. पण चूल गेली, आणि चुलीवर टांगलेली तारेची जाळीही गेली. त्या जाळीवर विठा नदीचे शिंगटे मीठ-हळद लावून पसरायची. खाली रोजचा स्वयंपाक चालायचा, वर मासे धुरावत राहायचे. त्यांचं कालवण खायला भावकी अंबरनाथहून यायची. विठाचं नाव होतं ते भावकीत.

आणि पुतण्याच्या साखरपुड्यात कोंडाजीची थोरली बहीण बायजा सगळ्या बायकांसमोर बोलली, "चूल गेली नि विठाचा हात पण गेला. आता काय, गॅसवर पापड भाजायचे."

नवी नवरी म्हणून आलेल्या विठाला मासे धुरावायला शिकवलं होतं ते याच बायजाने. म्हणून तर बोलणं जास्तच झोंबलं.

"वन्सं, पुढच्या रविवारी जेवायला या," विठा ताडकन म्हणाली. "तीच चव नाय लागली तर पुन्हा मासळीला हात लावणार नाय मी."

कोंडाजीने कपाळाला हात लावला. बिचाऱ्याचा जीव त्या कालवणात होता.

घरी आल्या आल्या विठाने बाल्कनीतून विनीतची कोळशाची शेगडी ओढून काढली. गोल, झाकणाची, मोठ्या पातेल्याएवढी. विनीतने ती थर्टी फर्स्टला हौसेने घेतली होती, एकदा पनीर भाजलं आणि तेव्हापासून तिच्यात कांदे ठेवलेले. विठाने कांदे टोपलीत ओतले, शेगडी गच्चीवर नेली, तीत काठोकाठ कोळसा भरला आणि जाळीवर मासे ठेवले. मासे बाहेरून काळे ठिक्कर झाले, आतून कच्चे राहिले.

"बाहेरून कोळसा, आतून नदी," कोंडाजी म्हणाला.

"खायचं तर खा, नायतर गप बसा," विठा म्हणाली. पण चूक तिला कळली होती. चुलीवरची जाळी हातभर उंच असायची, आणि इथे मासे निखाऱ्यांना चिकटलेले. उंची पाहिजे होती. तिने घरभर नजर फिरवली आणि ती थांबली पापडांच्या गोल पत्र्याच्या डब्यावर.

"आई, तो डबा अच्छा-खासा है यार!" विनीत ओरडला.

"पापड पिशवीत राहतील. तू ड्रिल आण."

डब्याचं बूड कापलं, अंगाला समोरासमोर भोकं पाडली, त्यांतून तारा ओवल्या. डबा शेगडीवर ठेवला, वर तिचंच झाकण. काय बसलं म्हणता! एकमेकांसाठीच घडवल्यासारखं. विनीतने फोटो काढला आणि मित्रांना पाठवून दिला, आईने बनवलंय म्हणून. विठाने या वेळी कोळसाही मूठभरच घेतला. मासे छान हळूहळू शिजले. चव? शून्य. नुसते वाफवल्यासारखे. कोळशाला धूर कुठला यायला!

मग तिने आंब्याच्या ओलसर ढलप्या निखाऱ्यांवर टाकल्या. धूर उठला रे उठला, की विठाने सवयीने फुंकणी लावली, फूऽऽ, आणि ढलप्या भडकल्या. धूर गायब. पुन्हा ढलप्या, पुन्हा धूर, पुन्हा फुंकर. तिसऱ्यांदा ज्वाळा उठली तेव्हा विठा फुंकणी हातात धरून गच्चीवर मटकन बसली आणि एकटीच हसायला लागली. अख्खा जन्म गेला धूर घालवण्यात. खोकून खोकून जीव नकोसा झाला, डोळे सुजले, त्या धुराला शिव्या घातल्या. धूर करायचा कसा, हे शिकलंय कोण? तो आपला होताच घरात, नको असलेल्या पाहुण्यासारखा.

खाली येऊन तिने फुंकणी विनीतच्या हातात दिली. "लपवून ठेव. मी मागितली तरी द्यायची नाय."

रविवारी विठाने एका बाजूला चारच निखारे ठेवले, त्यांवर भातगिरणीतून आणलेला तूस, तुसात ढलप्या. शेगडीची खालची भोकं जवळजवळ बंद केली, तारांवर मासे मांडले आणि झाकण लावलं. मग ती हात मांडीखाली घेऊन बसली. इतकं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

बायजा दम खात गच्चीवर आली. डब्याच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती.

"ह्यात? पापडाच्या डब्यात?" ती फिस्सकन हसली. "इस्तू तर विझतोय, बाय." आणि तिने खाली वाकून गाल फुगवले.

"वन्सं, फुंकू नका!" विठाने थोरल्या नणंदेच्या तोंडावर चक्क हात ठेवला. कोंडाजी जागच्या जागी थिजला. "आमच्या शेगडीला फुंकर चालत नाय."

बायजाने डोळे मोठे केले, पण बसली. दुपार कलल्यावर विठाने झाकण उचललं. मासे सोनेरी तपकिरी, कातडी सुरकुतलेली, आणि वास असा की शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

कालवण झालं. बायजाने पहिला घास घेतला. कोंडाजीने घेतलाच नाही, तो बहिणीकडे बघत राहिला. बायजाने दुसरा घेतला, तिसरा घेतला, काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला.

"कोंडू," ती भावाला म्हणाली, "आपल्या आयचं कालवण हाय हे." मग विठाकडे वळली. "मी म्हणत होते तुझा हात गेला. हात माझा गेलाय, विठे. फ्लॅटमध्ये जाऊन मला इतकी वर्षं झाली, मी बसले रडत चुलीच्या नावानं. तू डबा कापलास."

विठाचे डोळे पाणावले, आणि त्यांत धूर गेला म्हणावं तर धूर सगळा डब्यात. तिने सरळ पदराने डोळे पुसले आणि नणंदेच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

निघताना बायजा दारात घुटमळली. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"माझ्याकडे चकल्यांचा डबा हाय," ती हळूच म्हणाली. "गोल. पुढच्या रविवारी घेऊन येऊ?"

"आणा की," विठा म्हणाली. "पण फुंकणी घरी ठेवून या."