दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

वैजयंतीबाई पांढरीपांडे टाइम ऑफिसात होत्या तेव्हाची एक गोष्ट भोपाळच्या कडेला असलेल्या इंद्रपुरी या कारखान्याच्या वसाहतीत अजून सांगतात. चौतीस वर्षांत त्यांच्या खिडकीसमोरून नंबर न सांगता एकच माणूस पुढे गेला, आणि तो नवा जनरल मॅनेजर निघाला. बाईंनी त्यालाही हाक मारून परत बोलावलं होतं. तेव्हा कारखान्याच्या गेटवर मोठमोठ्या लाकडी फळ्या असत, फळ्यांवर खिळे आणि खिळ्यांवर नंबर घातलेले पितळी बिल्ले. कामावर येणाऱ्यानं आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. भोंगा वाजल्यावर जो बिल्ला फळीवर लटकत राहील, तो माणूस गैरहजर. पुढे बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आली आणि पितळ भंगारात गेलं. बाईही निवृत्त झाल्या. पण कोण किती वाजता गेला आणि किती वाजता आला, हे पाहायची सवय काही निवृत्त झाली नाही.

त्यांचं दुसरं व्यसन म्हणजे फॉर्म. वसाहतीत कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी पांढरीपांड्यांकडे जायचा. बाई आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नमुना भरून द्यायच्या, तो नोटीस बोर्डावर लागायचा आणि सहाशे चाळीस क्वार्टरं त्यावरून उतरवून घ्यायची. चूक व्हायची नाही. झालीच तर सगळ्यांची एकसारखी व्हायची, आणि मग तिला चूक म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मेट्रोचा फाटा शहरातून बाहेर वाढवायचं ठरलं तेव्हाही असाच एक फॉर्म आला. 'कुटुंबातील किती जण रोज वसाहतीबाहेर प्रवास करतात?' बाईंना हा प्रश्नच झोंबला. इथे दवाखाना आहे, शाळा आहे, बाजार आहे, गणपतीत नाटक होतं. या वसाहतीतला माणूस 'भोपाळला जाऊन येतो' म्हणायचा ते वर्षातून चारदा, तेही चांगले कपडे घालून. बाहेर जावं लागतं असं लिहून द्यायचं म्हणजे आपल्याकडे काही कमी आहे अशी कबुलीच. त्यांनी ठसक्यात लिहिलं, 'शून्य. वसाहतीत सर्व सोयी उपलब्ध.' खाली वाहनांच्या रकान्यात लिहिलं, 'एक स्कूटर, नादुरुस्त.' समोरच त्यांची सून वसुधा उद्याच्या डब्याची तयारी करत होती. ती रोज पहाटे सव्वासहाला घर सोडून मंडीदीपला औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जायची. पण नाकासमोरचं दिसायला माणसाला नाक थोडं बाजूला करावं लागतं, आणि बाईंचं नाक तेव्हा बरंच वर होतं.

चार महिन्यांनी नकाशा आला. मेट्रोचे खांब वसाहतीच्या गेट नंबर पाचच्या समोरून, बाईंच्या गच्चीतून दिसतील असे जाणार होते. थांबा मात्र नव्हता. एक थांबा अलीकडे तीन किलोमीटरवर, दुसरा पलीकडे तितकाच दूर. कारण छापलं होतं: फॉर्म आणि सकाळी दहा ते बाराची रस्त्यावरची मोजणी, दोन्हींनुसार या भागात प्रवासी नाहीत.

त्या संध्याकाळी वसुधा साडेआठला घरी आली. कंपनीची बस, मग मिनीबस, मग रिक्षा. चार वर्षांची लेक नेहमीसारखी झोपून गेलेली. नवरा विजय दुसऱ्या पाळीला कारखान्यात. सासरे अच्युतराव यांनी नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिनं तो पाहिला, मग डब्याच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"आई, हा राजीनामा आहे. लिहून दोन महिने झाले. मेट्रो होणार म्हणून दिला नव्हता."

"वेड लागलंय का तुला?" बाई म्हणाल्या.

"थांबा झाला असता तर इथून थेट कंपनीच्या बसपर्यंत पंचवीस मिनिटं. त्यासाठी मी पाच वर्षं पण काढली असती. थकायचं काही नाही, आई, पण शेवट तर दिसला पाहिजे ना. आता पुढच्या महिनाअखेरीला देऊन टाकते."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या स्वतः या कारखान्यात आल्या तेव्हा टाइम ऑफिसात बाई कशाला, असं म्हणणारे शंभर होते. त्यांच्या सासूबाईंनी नातवाला काखेला मारून त्या सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आणि स्वतः वैजयंतीबाईंनी काय केलं? एका शून्यानं सुनेची नोकरी घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अहो, मला फळ्या हव्यात. हजार खिळ्यांच्या."

अच्युतराव कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. लाकडाचं नाव काढलं की त्यांच्या हातांना खाज सुटायची. तरी विचारलं, "काहून? आता कोणाची हजेरी घेऊन राहिली तू?"

"जे जातात त्यांची."

नकाशावरच्या हरकती ऐकायला मेट्रोनं ठेवलेल्या जनसुनावणीला चार आठवडे होते. अच्युतरावांनी जुन्या पॅकिंगच्या प्लायवूडच्या दहा फळ्या केल्या आणि शंभर-शंभर खिळे ठोकले. पितळ कुठून आणणार? बाईंनी घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, बिल्ले कापले आणि एक ते हजार नंबर स्वतः घातले. कोणाच्या बिल्ल्यामागे गणपतीची सोंड, कोणाच्या मागे 'चि. सौ. कां.' फळ्या लागल्या गेट नंबर पाचला, शंकरच्या चहाच्या टपरीच्या भिंतीवर. नियम सोपा: रोज वसाहतीबाहेर जाणाऱ्यानं आपला नंबर घ्यायचा, जाताना बिल्ला काढून न्यायचा, आल्यावर परत खिळ्याला लावायचा.

पहिल्या दिवशी त्रेसष्ट बिल्ले गेले. बाकीचे हसून पुढे. 'आम्ही कुठे बाहेर जातो काकू, फक्त ड्युटीला जातो.' बाईंना आपलंच शून्य आपल्यासमोर नाचताना दिसलं. रोग सगळ्या वसाहतीचा होता, आणि तो बाईंनीच नोटीस बोर्डावर लावला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या स्वतः गेटवर उभ्या राहिल्या, शाल पांघरून, हातात टाइम ऑफिसातली जुनी लाकडी पट्टी. पहिला मोटरसायकलवाला दिसताच त्यांनी तो आवाज काढला. त्या निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षांत तो कोणी ऐकला नव्हता.

"नंबर?"

गाडीला करकचून ब्रेक लागला. स्वारानं हेल्मेट काढलं आणि भांबावून बापाचा नंबर सांगितला, जो कारखान्यातून कधीच निवृत्त झाला होता. त्या सकाळी एकही माणूस सुटला नाही. शंकर चहा गाळायचं विसरून बघत राहिला. कोणी मंडीदीपला, कोणी गोविंदपुऱ्यातल्या लहान कारखान्यांत, कोणी तुलसी नगरच्या सरकारी कार्यालयांत, पोरी कॉलेजला, पोरं शिकवणीला. ज्या कारखान्यासाठी ही वसाहत वसली, त्यात आता घरटी एखादाच माणूस राहिला होता. बाईंना हे ठाऊक होतं; मोजलं मात्र कधी नव्हतं. वसुधा सव्वासहाला आली. सासूकडे न बघता तिनं दोनशे चौदा नंबरचा बिल्ला काढला, डब्याच्या पिशवीत टाकला आणि रिक्षात बसली.

पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. सात बिल्ले पँटच्या खिशात धुतले गेले, एक बकरीनं खाल्ला. बाईंनी ते नव्यानं केले आणि हरवणाऱ्यांना नावानं बोलावून झाडलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वसाहतीला जुनी शिस्त आठवली. रोज संध्याकाळी फळ्या पुन्हा भरायच्या, आणि बाई शेवटचा माणूस येईपर्यंत शंकरच्या बाकावर बसून राहायच्या.

सुनावणी बुधवारी सकाळी साडेअकराला, वसाहतीच्या सभागृहात. मेट्रोचे मोठे साहेब आले, सोबत नकाशे. तीनशे खुर्च्यांवर माणसं होती एकतीस, त्यातही बहुतेक पेन्शनर. साहेबांनी सभागृहावर नजर फिरवली. माणूस सज्जन होता, आवाजात कुत्सितपणा नव्हता.

"देखिए, सुनवाई में भी लोग नहीं आए। जरूरत होती तो आते।" मग त्यांनी फाइल उघडली. "और ये आप ही के फॉर्म हैं। छह सौ चालीस घर, सब में शून्य। एक बात मेरी समझ में नहीं आई। इनमें से तीन सौ बारह घरों में एक-एक स्कूटर है, और सब की सब खराब हैं?"

मागे कोणीतरी खाकरलं. अच्युतरावांनी जमिनीकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर प्रकरण इथेच मिटणार होतं. नमुना कोणाचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. हिंदी त्यांची आयुष्यभर गेटवर कमावलेली, नागपुरी वळणाची.

"वो स्कूटर मेरी है, साहब। नमूना मैंने भरा था, बाकी सब ने उसपर से उतारा। शून्य भी मेरा ही है। घमंड में लिखा था। गलती मेरी है, इनकी नहीं।"

पंचेचाळीस वर्षांत बाईंच्या तोंडून 'गलती मेरी' हे शब्द कोणी ऐकले नव्हते.

"लेकिन अब सच्ची हाजिरी देखो," त्या पुढे म्हणाल्या. "दो सौ कदम चलना पड़ेगा।"

साहेब उठले. उन्हातून सगळे गेट नंबर पाचपाशी आले. टपरीच्या भिंतीवर दहा फळ्या. हजार खिळे. त्यातल्या एकोणनव्वद खिळ्यांवर बिल्ले लटकत होते, बाकी सगळे खिळे उघडे.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"कारखाने में जिसका बिल्ला फळी पर, वो गैरहाजिर," बाई म्हणाल्या. "यहाँ उल्टा है। जिसका खिळा खाली, वो आदमी अभी बाहर है। आपकी सुनवाई में नौ सौ ग्यारह लोग इसलिए नहीं आए, कि वो काम पर गए हैं। आपने दस से बारा बजे रास्ते पर गिनती की। तब तक हमारा आदमी मंडीदीप पहुँचके आधा दिन काम कर चुका होता है।"

त्यांनी तीन आठवड्यांचं रजिस्टर पुढे केलं: कितव्या नंबरचा माणूस किती वाजता गेला आणि किती वाजता आला. साहेबांनी पानं उलटली. मग एका उघड्या खिळ्यावर बोट ठेवून तो हलवून पाहिला. अच्युतरावांचा खिळा, हलतो कसला.

"दो सौ चौदह," साहेबांनी खिळ्याखालचा आकडा वाचला आणि रजिस्टरात बोट फिरवलं. "सुबह सवा छह, शाम साढ़े आठ। रोज?"

"रोज," बाई म्हणाल्या. अच्युतरावांनी पुढे होऊन सांगितलं, "हमारी बहू है।"

पुढच्याच आठवड्यात मेट्रोची माणसं पहाटे पाचपासून गेटवर मोजणीला बसली. त्यांचा आकडा बाईंच्या आकड्यापेक्षा चौदानं जास्त निघाला, आणि बाईंनी तो मोठ्या मनानं मान्य केला. वसुधानं सांगितलेला महिना संपायच्या दोन दिवस आधी पत्र आलं: गेट नंबर पाचला थांबा मंजूर. शंकरनं त्या दिवशी चहात आलं दुप्पट टाकलं. नोटीस बोर्डासमोर इतकी गर्दी झाली की पत्र कोणालाच नीट वाचता येईना, म्हणून शेवटी बाईंनीच ते मोठ्यानं दोनदा वाचलं. वसुधानं घरी येऊन राजीनाम्याचे चार तुकडे केले आणि लेकीच्या अंथरुणाशी बसून राहिली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन भांडी घासली.

फळ्या उतरवल्या त्या दिवशी बाईंनी बिल्ले मोजून घेतले. नऊशे नव्व्याण्णव. दोनशे चौदा परत आला नव्हता. त्यांनी रजिस्टरात तेवढा एक रकाना रिकामा सोडला आणि घरात कोणाला काही विचारलं नाही.

तीन वर्षं म्हणता म्हणता पाच लागली. खांब आले, धूळ आली, पावसाळ्यात खड्डे आले. वसुधा जात राहिली. मग एका गुरुवारी निळ्या पट्ट्याची पहिली गाडी गेट नंबर पाचला थांबली. सकाळी हार झाले, भाषणं झाली, बाईंना पहिल्या डब्यात बसवून शहराच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. संध्याकाळी मात्र त्या नातीचा हात धरून स्टेशनच्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. नात आता नऊ वर्षांची होती, आणि अजून उजेड होता.

गाडी आली. जिन्यावरून माणसांचा लोंढा उतरला, त्यात वसुधा. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि सवयीनं आवाज निघालाच.

"नंबर?"

वसुधा थांबली. डब्याच्या पिशवीत हात घालून तिनं लग्नपत्रिकेचा एक तुकडा काढला, कडा मऊ पडलेला, मागे गणपतीची अर्धी सोंड. सासूच्या तळहातावर ठेवत ती म्हणाली, "दोनशे चौदा. घरी आल्यावर लावायचा होता ना, आई? आज आले."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, मग चष्मा पुसला.

"हजर," त्या म्हणाल्या. "सहा वाजून बारा मिनिटं."

आणि तिघी पायीच घराकडे निघाल्या.