नऊ वाजून चार मिनिटं

"काका, हा दुसरा फोन कोणाकडे असतो?" मोबाइलची तपासणी करणाऱ्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. मला नुसत्या आकड्यांच्या ओळी दिसत होत्या. बाईंनी पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं. माझी बायको गेली त्या सकाळी, नऊपासून नऊ चौदापर्यंत तिच्या खात्यावर एक व्हिडिओ चालू होता. गाडीने तिला उडवलं ते नऊ अकराला.

गाडीवाल्याच्या वकिलाने कोर्टात हेच मांडलं होतं. ती मोबाइलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडत होती, चूक तिचीच. दवाखान्यात फाटक्या चादरी शिवून आयुष्य काढलेली माझी बायको, तिच्या नावावर एवढं एकच लिहिलं जाणार होतं. मुलगी तेव्हापासून धुमसत होती. अर्जावर अर्ज करून तिनेच फोन इथे तपासणीला पाठवायला लावला. आज अहवाल लिहिण्याआधी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं.

"खातं एक, पण फोन दोन," बाई म्हणाल्या. "क्लाउडवर दोन्हींचं एकत्रच जमा होतं. वरवर बघणाऱ्याला वाटतं, एकच माणूस आहे. व्हिडिओ चालला तो जुन्या फोनवर."

"तो घरीच असतो," मुलगी म्हणाली. "बाबांकडे. आईचं खातं त्यातून कधी काढलंच नाही. मी म्हटलं होतं, बाबांना वेगळं उघडून देते. तर आई म्हणाली, तीस वर्षं एका पांघरुणात काढली, आता खातं कशाला वेगळं!"

बाई हसल्या. मला हसता आलं नाही.

"पंपाच्या सीलचा व्हिडिओ होता," मी म्हणालो. "मीच बघत होतो. घरी."

"बघा! मी सांगत नव्हते?" मुलीने माझा दंड घट्ट धरला. अकरा महिन्यांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"तसं लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "नाहीतर वकील म्हणेल, दोन्ही फोन तिच्याजवळच होते. तिचा स्वतःचा फोन नऊ पाचला लॉक झाला. मग उघडलाच नाही. पिशवीत होता का हातात, ते मी सांगू शकत नाही. पण ती त्यात बघत नव्हती, हे नक्की."

"नऊ पाचपर्यंत काय करत होती?" मुलीने विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "ते अहवालात येणारच आहे, काका. तुम्ही सांगताय, की मी वाचू?"

फोन करायला माझ्याकडे साधा बटणांचा आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलीने मला विचारलं होतं, "आईचा फोन आला होता का? काही म्हणाली का शेवटचं?" मी नाही म्हणालो. मग बाथरूममध्ये जाऊन बटणांच्या फोनवरची ती एक नोंद पुसून टाकली. मला वाटलं, पुसली. तिच्याकडेही तीच नोंद असणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. तिचा फोन पोलिसांनी पाकिटात घालून नेला, तो आज दिसत होता.

मुलगी अजून माझा दंड धरून होती.

"आला होता तिचा फोन," मी म्हणालो. "नऊ चारला."

"काय म्हणाली?"

"मी कापला."

"कापला म्हणजे?"

"सीलची स्प्रिंग कशी बसवायची ते दाखवत होते. हातात पाना होता. म्हटलं, नंतर करू."

"कशाला केला होता तिने?"

"माहीत नाही गं."

तिने दंड सोडला. एकदम नाही, एकेक बोट सोडत गेल्यासारखा. ती बाईंकडे वळली. "त्यात आहे का? कशाला केला होता ते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "किती सेकंद वाजला, एवढंच आहे. दहा सेकंद. तीनेक घंट्या."

जबाब बाईंनी टाईप केला. जुना फोन घरी माझ्याजवळ होता, व्हिडिओ मी बघत होतो, पत्नीचा आलेला फोन मी घेतला नाही. "घेतला नाही नको," मी म्हणालो. "कापला लिहा." त्यांनी बदललं. मी तिन्ही पानांवर सह्या केल्या. मुलगी तोवर जिना उतरून गेली होती.

मी खाली आलो तेव्हा ती रस्त्यापलीकडे, बस थांब्यावर उभी होती. माझ्या खिशातला फोन वाजला. तिचाच होता. पहिल्याच घंटीला मी उचलला.

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मधून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज एका कानात फोनमधून येत होता आणि दुसऱ्या कानात रस्त्यावरून. तिची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. फोन तिच्या कानाला तसाच होता.