कानात नाव कोण सांगणार?

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तेराचा पाढा एका दमात म्हणायचा आहे, मध्ये श्वास घ्यायचा नाही. छातीतली हवा संपली तरी आतून कोणीतरी म्हणतंय, अजून म्हण, अजून म्हण. शेवटी कसाबसा श्वास ओढता, तेव्हा गळ्यातून कोंबड्याच्या बांगेसारखा लांब आवाज निघतो. डांग्या खोकला म्हणतात तो हाच. आता हा खोकला सव्वा महिन्याच्या बाळाला झाला असं समजा. त्याच्यात बांग देण्याएवढंही बळ नसतं. ते नुसतं निळं पडतं.

चांदूर रेल्वेच्या अपेक्षानं असं बाळ पाहिलं होतं. शेजारच्या पौर्णिमाकाकूंचं. अमरावतीच्या दवाखान्यातून ते वाचून परत आलं, पण डॉक्टरांचं बोलणं अपेक्षाच्या डोक्यात पक्कं बसलं: या खोकल्याचं पहिलं इंजेक्शन दीड महिना भरल्यावर. तोवर खोकणाऱ्याला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही.

आणि आज तिच्या भावाचं बारसं होतं. आई, रागिणी, माहेरून उशिरा आली म्हणून सव्वा महिन्यानं ठेवलेलं. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करायचं आणि नाव सांगायचं, हा मान आत्याचा. सत्यभामा आत्या त्यासाठीच मुलाला, गोपालला घेऊन अकोल्याहून आली होती.

आत्या खोलीच्या दारात आली आणि पदर तोंडाशी धरून खोकली. अपेक्षानं दारात दोन्ही हात आडवे धरले.

“सरक वं पोरी.”

“आत्या, तुले खोकला आहे.”

“गाडीतली धूळ गेली घशात.”

“अन् गोपालले?”

अंगणात गोपाल खोकत होता. खोकत राहिला, खोकत राहिला, आणि मग ती लांब बांग. घुगऱ्या वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“त्याले लहानपणी एक सुई देल्ली, त् अंग तापलं, पाय सुजला,” आत्या म्हणाली. “मंग पुढच्या सुया मीनंच नाही देऊ देल्ल्या.”

“ताप किती दिवस होता?”

“दोन दिवस.”

“अन् हा खोकला?”

“महिना झाला!” गोपालनंच बाहेरून सांगून टाकलं.

आजोबा, खुशालराव, खाटेवरून उठले. “अपेक्षा! आत्याचा मान असते. तू कोण वं आडवणारी?”

“मी बहीण होय त्याची.”

“शाळेत गेली त् लय शायनी झाली!”

अपेक्षानं आईकडे पाहिलं. सासऱ्यांच्या आणि नणंदेच्या देखत रागिणीनं पाळणा दोरीनं आपल्याकडे ओढला, पार भिंतीपर्यंत.

आत्यानं ते पाहिलं. तिचं तोंड लाल झालं. “असं होय? नाव माह्यापाशी आहे. तसंच परत नेईन अकोल्याले. राहू द्या पोट्ट्याले बिननावाचा!”

“ने,” अपेक्षा म्हणाली. तिचे हात खाली आले नाहीत. “बिननावाचा भाऊ चालते मले. निळा नाही चालत.”

आत्या तरातरा अंगणात गेली. गोपालला पुन्हा उबळ आली. या वेळी तो खोकता खोकता ओकला, आणि आईच्या मांडीवर डोकं टाकून नुसता धापा टाकत राहिला. आत्यानं त्याचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

मग तिथूनच ओरडली, “अद्वैत! आयकलं का वं? अद्वैत नाव ठेवलं मीनं!”

“अवं, कानात सांगतात, बोंबलत नाहीत,” आजोबा म्हणाले.

“बाबा, तुमी चूप बसा. अन् उद्या गोपालले दवाखान्यात न्यायले गाडी पाहा.”

आता कुर्र कोण करणार? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अपेक्षा पाळण्याशी गेली, वाकली, भावाच्या कानाशी तिनं कुर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले.

पाठ चोळत ती पुन्हा दारात गेली, हात आडवे धरले, आणि घुगऱ्यांचं ताट घेऊन आत येणाऱ्या जयवंता मावशीला तिनं विचारलं, “मावशी, तुमाले खोकला त् नाही ना?”