समितीचा उपास

आमच्या गावात तंटामुक्ती समिती हाय अन् तिचा अध्यक्ष मी, नत्थूजी. तंटा झाला का नाई, हे आम्हीच ठरवतो. म्हणून तंटा होत नाई.

जूनमध्ये शाळेतल्या पोरांचं जेवण शिजवाचं काम सरिताले भेटलं. ती बुद्धविहाराजवळ राह्यते. तिचं घर त्या कामावरच चालते. आठ दिवसांत एकतीस पोरं घरून डबे आणू लागली. कोणी शिवी देल्ली नाई, हात उगारला नाई, मंग नोंद कायची करा? एक दिवस कोणीतरी तिच्या शिजत्या भातात माती टाकली. तवा ती समितीपुढं आली. रडली नाई. सारी पोरं पंगतीत बसली नाईत तर काम सोडतो, एवढंच म्हणाली.

आम्ही लय डोकं लावलं. ठरलं का आपण पाचही जणांनी शाळेत जाऊन, साऱ्यांदेखत तिच्या हातचं खावाचं. मोठे खातील तं पोरं खातील. वार कोणता? बंडूजी म्हणे सोमवार. आम्ही चौघं लगेच हो म्हटलं. एवढं एकमत समितीत कधीच होत नाई.

सोमवारी पांढरे सदरे घालून पंगतीत बसलो. सरितानं भात आणला, तसे बंडूजीनं हात जोडले. आज महादेवाचा उपास हाय म्हणे. मागून आम्हीही जोडले. ताराचंद तं मागच्याच सोमवारी माझ्यासंगं कारंजाच्या ढाब्यावर मटण खाऊन आलता. त्यानंही जोडले.

सरिता आत गेली अन् पाच ताटल्या घेऊन आली. साबुदाण्याची उसळ, वरून दाण्याचा कूट.

"सोमवार काऊन धरला, ते मले माहीत होतं काका," ती म्हणाली.

उपासाच्या माणसानं उपासाच्या जेवणाले नाई कसं म्हणावं? एकतीस पोरं डबे न उघडता आमच्याकडं पाहून राह्यली होती. त्यांत माझी नात जया होती. तिचा डबा माझी बायको नलू भरे, अन् भर म्हणून मीच सांगितलं होतं. मले लाज वाटली. या वयात एवढी वाटली नसती तं बरं झालं असतं.

मी घास घेतला. मीठ बरोबर होतं. ताराचंदनं दोनदा घेतली.

जया उठून माझ्यापाशी आली.

"आबा, तुम्ही तं म्हणत होते, तिच्या हातचं खाल्लं का विटाळ होते. तुम्हाले झाला का?"

सरिता भाताचा डाव घेऊन तिथंच उभी होती. बंडूजी ताटलीत पाहत होता.

"नाई झाला," मी म्हटलं. "मी खोटं बोललो होतो."

जयानं डबा बाजूले सारला अन् सरितापुढं ताटली धरली.