विकायचं राहिलेलं एक घर

"होडी काढा काका, घर बघायला एक बाई गेटवर आल्यात," एवढंच बोलून विक्रीवाल्या पोरीने फोन ठेवला. डॉक्टरांनी अर्धा कप चहा तसाच टेकवला आणि नारिंगी जाकीट अंगात चढवलं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. उभी हयात समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्याने बोलण्यात गेली. कोणी उलट उत्तर देत नसे, तेव्हा आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं असा त्यांचा समज होता. बायको गेली, मुलाने दवाखाना विकायला लावला आणि तळ्याकाठच्या या हिरव्या वसाहतीत घर घेऊन दिलं. "हवा स्वच्छ आहे, बाबा," म्हणाला, आणि स्वतः परदेशातला धूर खायला निघून गेला.

वसाहत होती मात्र स्वच्छ. छपराछपरावर सौर पॅनेलं, सांडपाणी गाळायला दोन घरांच्या मध्ये बोरूची दाट बेटं, इंजिनाच्या होडीला बंदी, प्रत्येकाला पाण्यात उतरणारा स्वतःचा लाकडी धक्का. निसर्गाला इतका कमी त्रास देणारी वस्ती शोधून सापडली नसती, कारण डॉक्टर सोडले तर तिथे माणूसच राहत नव्हता. घरं विकली गेली होती. पैसेवाल्यांनी सोन्याची बिस्किटं घ्यावीत तशी ती घेतली, कुलपं ठोकली आणि शहरात बसून पृथ्वी वाचवल्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटली. सौर पॅनेलं रिकाम्या खोल्यांसाठी वीज बनवत होती.

विकायचं राहिलं होतं फक्त डॉक्टरांच्या शेजारचं घर. कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं, डॉक्टरांना शेजारी हवा होता. त्यातून ही रीत पडली. गिऱ्हाईक आलं की डॉक्टरांनी होडी घेऊन पाण्यात दिसायचं, हात करायचा, वस्ती भरलेली वाटली पाहिजे. मोबदला काही नाही. गिऱ्हाईक गेलं की पोरगी त्यांच्या पायरीवर बसून चहा प्यायची आणि होणाऱ्या सासूची नक्कल करून दाखवायची. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी तळंच काय, समुद्रही वल्हवला असता.

आज आलेली बाई एकटीच होती. पन्नाशी उलटलेली, पायात कॅनव्हासचे बूट. स्वयंपाकघराकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"मला हे घर पाण्यातून बघायचंय," ती म्हणाली.

"बघा की! आमचे काका आहेत ना," पोरगी म्हणाली आणि मागून डॉक्टरांकडे डोळे वटारले. नीट बोला, असा त्याचा अर्थ.

होडी धक्क्यापासून सुटली तशी बाईने विचारलं, "शेजार कसा आहे?"

"उत्तम!" डॉक्टरांनी पाठ केलेलं सुरू केलं. "ते लाल छप्पर दिसतंय ना, तिथे गाण्याच्या बाई असतात. पलीकडे एक रिटायर्ड न्यायाधीश. सध्या लेकीकडे गेलेत."

"आणि त्यांच्या पलीकडचे?"

"तेही लेकीकडेच."

"लेकींचं बरंय इथे."

वल्हं आडवं पडलं आणि दोघांच्या अंगावर पाणी उडालं. बाईने रुमालाने चेहरा पुसला.

"तुम्हाला रात्री बरं वाटेनासं झालं, तर हाक कोणाला मारता?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. खोटं अगदी जिभेवर होतं. एवढं एक बोललं की शेजारी माणूस. भांडायला, साखर मागायला, निदान हवा कशी आहे ते विचारायला. त्यांनी वल्ही होडीत ओढून घेतली.

"कोणालाही नाही," ते म्हणाले. "मागे न्हाणीघरात पडलो तेव्हा मारल्या हाका. बदकं आली." मग त्यांना राहवेना. "कोणी नाही हो इथे, बाई! गाणारी नाही, न्यायाधीश नाही, सगळं थोतांड आहे. मला बुजगावण्यासारखं पाण्यात उभं करतात आणि मीही लाज सोडून उभा राहतो. नका घेऊ हे घर. भिंतींशी बोलायला लागाल."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. बाई काठावरच्या घरांकडे बघत होती, एकेका बंद खिडकीकडे.

"नक्की?"

"काय नक्की?"

"कोणी नाही, हे."

"शपथेवर सांगतो."

"मी रेल्वेत होते. तक्रारीच्या खिडकीवर," ती म्हणाली. "जन्मभर लोकांचं ऐकलं. घरी आलं की सासूचं, मग नवऱ्याचं. आता दोघंही नाहीत." तिने हात पाण्यात सोडला. "ती पोरगी म्हणाली, शेजार भरगच्च आहे, तेव्हाच परत फिरणार होते. तुम्ही बोललात ते बरं झालं. घेते मी."

"पण मी आहे ना शेजारी," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तुम्ही एकटेच ना? चालेल."

व्यवहार झाला त्या दिवशी पोरगी धावतच आली.

"काका, जिंकलात तुम्ही! शेवटचं घर गेलं! मला बढती मिळाली, आता दुसऱ्या तळ्यावर नवीन वसाहत आहे."

"बस. चहा टाकतो."

"आज नको, गाडी थांबलीय." ती पायरीवर उभीच राहिली. "एक सांगायचं होतं. त्या बाईंनी लेखी घेतलंय आमच्याकडून. तुमची होडी त्यांच्या धक्क्याकडे नको. हाका मारणं, डोकावणं, तेही नको. वाईट नका वाटून घेऊ."

"छे, वाईट कसलं," डॉक्टर म्हणाले. "सासूबाईंचं काय नवीन? कर ना जरा, ती पदर खोचून बोलते ती."

"पुढच्या वेळी, काका."

बाई राहायला आली. ट्रक आला, सामान उतरलं, ट्रक गेला. बोरूच्या पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला आणि मग काही नाही. डॉक्टर आपल्या धक्क्यावर गेले नाहीत. खिडकीतही उभे राहिले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी पलीकडे कसलंसं भांडं पडलं. फरशीवर गोल गोल फिरलं, घुमत राहिलं, आणि कोणीतरी त्यावर हात ठेवल्यासारखं एकदम थांबलं.

डॉक्टर उठले. खुर्ची सरकवली असती तर कर्रकन वाजली असती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, त्या बाजूच्या भिंतीपाशी नेली आणि एकेक पाय टेकवत खाली ठेवली. बसताच खोकला आला. त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून धरला.

पलीकडे नळ सुरू झाला. ते ऐकत राहिले.