ज्याच्या हातून लागलं

माधवनगरच्या ज्युडो क्लबात मुजीब सरांचा एक नियम होता, आणि तो ऐकणाऱ्याला उलटाच वाटायचा. मॅटवर कुणाला लागलं, तर वहीत ते लागलेल्यानं लिहायचं नाही. ज्याच्या हातून लागलं, त्यानं लिहायचं. "ज्याला लागतं तो खोटं बोलतो," सर म्हणायचे. "मोडल्या हातानं माझ्यासमोर जोर मारून दाखवलेली पोरं हायत. पाडणाऱ्याला मात्र सगळं ठाऊक असतं." कुपवाडला दिवसभर लेथवर उभा राहून येणारा माणूस, पण वहीच्या बाबतीत एक अक्षर सैल सोडायचा नाही. डोक्याला लागलं असेल तर विषयच संपला. त्याच दिवशी लिहायचं, सर घरी फोन करणार, आणि डॉक्टरचा कागद आल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही.

नियम चांगलाच होता हो. पण त्यात एक अडचण लपली होती, ती सरांच्या कधी ध्यानात आली नाही, आणि ती नेमकी सुमैराच्या वाट्याला आली.

गुरुवारी संध्याकाळी सुमैरानं मयूरीला कमरेवरून फेकलं. रोज फेकायची तसंच. पण दोघी सरकत सरकत कडेला गेल्या होत्या, आणि मॅट संपते तिथं क्लब भरायचा त्या जुन्या गोदामाची फरशी. मयूरीचं डोकं फरशीवर आपटलं. सर बाहेर फोनवर होते. मयूरी उठली, हसली आणि तिनं सुमैराचं मनगट धरलं.

"लिहू नकोस."

"मयूरे, डोकं हाय ते."

"रविवारी सातारा हाय. आत्ता लिहिलंस तर माझं गेलं. आणि माझ्या जागी कोण जाणार? तूच ना?"

इथंच घोडं पेंड खात होतं. दोघी एकाच वजनगटातल्या. साताऱ्याच्या निवड चाचणीला मयूरीचं नाव गेलेलं, सुमैराचं राखीव म्हणून. लिहायचं म्हणजे मैत्रिणीला खाली ओढून स्वतः तिच्या जागी बसायचं. लोक काय म्हणतील ते सोडा, खरी गोम वेगळीच होती. मयूरी पडली तेव्हा डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर सुमैराच्या मनात येऊन गेलं होतं, आता मी जाणार. त्या विचाराची तिला एवढी लाज वाटली, की लिहिणं म्हणजे त्याच्याखाली सही करणं वाटायला लागलं. तिनं वही उघडली नाही.

शुक्रवारी मयूरी उजेडात डोळे बारीक करून बघत होती. शनिवारी तिनं डबा तसाच परत नेला. पण स्पर्धेच्या आधी वजन उतरवायचं म्हणून सगळ्याच पोरी उपाशी राहतात, चिडचिड करतात, डोकं धरून बसतात. मयूरीला वेगळं सोंग घ्यावंच लागलं नाही. सरांनीसुद्धा पाठीवर थाप मारली, "एक दिवस कळ काढ. वजन झालं की पोटभर जेव." मयूरी हसली. सुमैरानंही डबा उघडला नाही, आणि तिला तर वजन उतरवायचंही नव्हतं.

रविवारी पहाटे जीप निघाली. कराडच्या अलीकडं मयूरीनं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला उलटी केली. "बरं झालं, तेवढंच वजन कमी," मागनं कुणीतरी म्हणालं, आणि सगळी जीप हसली. सुमैरानं तिचं कपाळ धरलं होतं. सांग, आत्ता सांग, असं तिचं मन ओरडत होतं. तिनं नुसती पाण्याची बाटली पुढं केली.

साताऱ्याच्या हॉलवर टेबलापाशी गर्दी होती. "नावात बदल असेल तर वजन चालू हाय तोवरच सांगा," टेबलावरची बाई प्रत्येक क्लबाला बजावत होती. "मागनं ऐकून घेणार न्हाई." मयूरी काट्यावर चढली तेव्हा तिनं भिंतीला हात लावला. सरांना वाटलं, उपाशी आहे. बाईनं विचारलं, "माधवनगर, बदल?" सरांनी नाही म्हणून मान हलवली. सुमैरा त्यांच्या पाठीशीच उभी होती. हात पुढं केला असता तर सरांच्या खांद्याला लागला असता. टेबल बंद झालं, काटा उचलला, आणि तिला उगाचच हलकं वाटलं. का वाटलं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

लढतीच्या आधी मयूरी पट्टा बांधत होती. बांधायची, सोडायची, परत बांधायची. मग तिनं वर बघितलं.

"सुमे, वजन झालं का गं आपलं?"

सुमैरा धावत सरांकडं गेली. "सर, गुरुवारी माझ्या हातनं पडली ती. फरशीवर. डोक्यावर."

सरांच्या तोंडावरचा रंग उडाला. तेवढ्यात भोंग्यावर मयूरीचं नाव आलं, आणि ती मॅटवर चढलीसुद्धा. पंचानं हात वर केला होता. लढत चालू होताना प्रशिक्षकानं मॅटवर पाय ठेवायचा नसतो. सर बुटासकट धावत गेले आणि मयूरीला मागनं दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "आमची पोरगी खेळत न्हाई." पंच चिडला, हॉल ओरडायला लागला. मयूरी सुमैराच्या समोरून जाताना एवढंच म्हणाली, "मिळाली का जागा?"

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. आत थोडं रक्त साकळलं होतं. आणखी एकदा आपटलं असतं तर वाचली नसती, असं डॉक्टर सरळ म्हणाले. सरांनी मयूरीच्या वडलांना फोन लावला, बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. मग पिशवीतनं वही काढून त्यांनी सुमैराच्या मांडीवर ठेवली. तिनं सगळं लिहिलं, तारखेसकट.

दुपारी मयूरीनं डोळे उघडले. "खेळलीस का मग?"

"न्हाई. वजन बंद झालं होतं."

"मग आधी बोलायचं की. तू तरी खेळली असतीस."

"म्हणूनच न्हाई बोलले," सुमैरा म्हणाली, आणि टेबल बंद झाल्यावर हलकं का वाटलं होतं ते तिला आत्ता, बोलता बोलता कळलं. "जागेसाठी बोलली म्हणशील, म्हणून थांबले. माझी जागा गेली तवा माझं तोंड उघडलं. माझं नाव राखायला तुझा जीव पणाला लावला, मयूरे."

मयूरीनं चाचपडत सुमैराचा हात धरला. "लय येडी हायस," ती म्हणाली.

सुमैराला हुंदका आला. एवढा वेळ अडवून धरलेलं सगळं वाहून गेलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं. तेवढ्यात मयूरीनं मान वळवली.

"सुमे, वजन झालं का गं आपलं?"

सुमैरानं डोळे पुसले, तिचा हात घट्ट धरला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.